अखेरचा निरोप कसा असावा?

घरात लग्न ठरले, की सहा महिने आधीपासून याद्या होऊ लागतात. कोणास बोलवावे, पंगतीत काय वाढावे, सनईवाले कोणते आणावे, याची चर्चा रात्र रात्र चालते. बारशाचीही तयारी होते, मुंजीचीही होते. परंतु जो संस्कार प्रत्येक घरात निश्चितपणे व्हावयाचाच आहे, ज्याला सोळा संस्कारांच्या मालिकेत अखेरचे स्थान आहे, त्या अंत्येष्टीविषयी घरात एक अक्षरही उच्चारले जात नाही. मग तो दिवस येतो. चार-सहा तासांत सर्व उरकावयाचे असते. घरची माणसे शोकाने सुन्न झालेली असतात. शेजारचे कोणी अनुभवी गृहस्थ पुढे होऊन सूत्रे हाती घेतात. बांबू, सुतळी, मडके, गोवऱ्या, पांढरे वस्त्र यांची ठरीव यादी धावत दुकानी जाते. सारे यथासांग पार पडते. मात्र जे गृहस्थ गेले त्यांची त्या सगळ्यात ओळखसुद्धा लागत नाही. आयुष्यभर वेगळेपणाने जगलेला मनुष्य सर्वांसारखाच निघून जातो, आणि पंधरा दिवसांनी मुलांच्या मनात एक रुखरुख उरते: त्यांना काय आवडले असते, हे आपण कधी विचारलेच नाही.

ही रुखरुख टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी जुने सर्व मोडावे लागत नाही, की नवे काही परदेशातून आणावे लागत नाही. आपल्याच भूमीत याची उदाहरणे भरपूर आहेत, आणि छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात तर ती डोळ्यांसमोर उभी आहेत.

शहराच्या उत्तरेस बीबी का मकबरा आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू 1657 साली निधन पावली. तिच्या स्मरणार्थ उभी राहिलेली ही वास्तू तिचा पुत्र आझमशहा याच्या नावाशी निगडित आहे. ताजमहालाच्या वास्तुरचनाकाराचा पुत्र अताउल्ला याने तिचा आराखडा केला, हंसपतराय याने स्थापत्याचे काम पाहिले, आणि खर्च 6,68,203 रुपये झाल्याचे सांगितले जाते. तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर खुलदाबाद आहे. तेथे खुद्द औरंगजेबाची कबर आहे. छत्रपती संभाजी महाराजांचा क्रूर अंत करणारा आणि पंचवीस वर्षे दख्खनमध्ये झुंजून अखेरीस हताश झालेला हा बादशहा 1707 च्या मार्चमध्ये नगरजवळ मरण पावला. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रात म्हटले आहे, की टोप्या शिवून मिळविलेले चार रुपये दोन आणे आहेत, त्यातून कफन घ्यावे. कुराणाच्या प्रती लिहून मिळविलेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटावे. वर छत वा थाटमाट नसावा. त्याचा देह खुलदाबादला नेऊन सूफी संत झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आकाशाखाली पुरला गेला. भोवतीचे संगमरवरी कठडे पुष्कळ पुढचे.

त्याच्या राजवटीचा न्यायनिवाडा इतिहास करीतच आहे. येथे पाहावयाचे ते एवढेच, की एकाच कुटुंबातील या दोन कबरी दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. मकबरा सांगतो, मागे राहिलेल्यांना काय करावेसे वाटले. खुलदाबादची साधी माती सांगते, जाणाऱ्याने काय मागितले. प्रत्येक घरातील अंत्यविधी या दोन प्रश्नांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. आणि पुष्कळदा भांडणे होतात ती हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे.

दक्षिणेस पैठण आहे. गोदावरीच्या तीरी दशक्रियेसाठी मराठवाड्यातून माणसे तेथे येतात. याच घाटावरील जीवनावर बाबा भांड यांनी 'दशक्रिया' ही कादंबरी लिहिली आणि तीवरून 2017 साली चित्रपटही निघाला. त्याच पैठणात संत एकनाथांची ती प्रसिद्ध कथा परंपरेने सांगितली जाते. पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबाला आला. नाथांनी त्यांनाच आत बोलावून ते अन्न वाढले. गावातील ब्राह्मण रागावले. परंतु नाथांच्या दृष्टीने भुकेल्याच्या तृप्तीत पितरांची तृप्ती होती. कथेतील चमत्कारांचा भाग बाजूला ठेवला तरी तिचे मर्म उरतेच. विधी टाकला नव्हता. त्याचा अर्थ शोधला होता. विधीचा सांगाडा कायम ठेवून त्यात आपला जीव ओतणे, हा मार्ग चारशे वर्षांपूर्वीच आपल्या दारात दाखविला गेला आहे.

स्वतःच्या अंत्यविधीचा पूर्ण विचार करून तो लिहून ठेवणारे आधुनिक महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे महात्मा जोतीराव फुले. 1887 च्या जुलै महिन्यात त्यांनी मृत्युपत्र केले. आपल्या देहाचे दहन न करता तो मिठात घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी पुण्यातील राहत्या घराच्या मागील अंगास त्यांनी खड्डाही खणवून ठेवला होता. दत्तक पुत्र यशवंत याच्या हक्काविषयीही मृत्युपत्रात तरतूद होती. एवढी सिद्धता क्वचितच कोणी केली असेल. तरीही 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ती इच्छा जशीच्या तशी पुरी होऊ शकली नाही. वस्तीच्या जागेत दफन करण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, आणि देहाचे दहनच करावे लागले.

येथपर्यंत ही कथा निराशेची वाटते. पुढचा भाग मात्र चरित्रकारांनी मोठ्या आदराने नोंदविला आहे. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी यशवंताच्या अधिकारावर हरकत घेतली. टिटवे कोणी धरावयाचे, हा वाद उपस्थित झाला. जो टिटवे धरील तो वारस, अशी समजूत होती. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. स्त्रीने स्मशानाची वाटही धरू नये, अशा समजुतीचा तो काळ होता. ज्या पुरुषाने पत्नीला शिकवून शिक्षिका केले, त्याला याहून अनुरूप असा निरोप कोणता असू शकला असता? पुढे त्यांच्या अस्थी त्याच घराच्या आवारात ठेवण्यात आल्या. समाधी आजही तेथे आहे.

या एका घटनेत अंत्यविधीच्या नियोजनाचे सारे शास्त्र आले आहे. पहिली गोष्ट, इच्छा लिहून ठेवणे अवश्य असले तरी ते पुरेसे नाही. ती पुरी होण्यास ज्या कोणाची संमती लागते, ती हयातीतच विचारून घ्यावी. दुसरी गोष्ट, इच्छेचे बाह्य रूप अडले तरी तिचा आत्मा वाचविता येतो. मिठातील दफन झाले नाही. परंतु पुरोहिताविना, रूढीच्या भयाविना, पत्नीच्या हातून निरोप, हे जोतीरावांच्या जीवनाशी जुळणारेच झाले. आणि तिसरी गोष्ट, ऐन वेळी कोणीतरी धैर्याने पुढे व्हावे लागते. ते कोण, हे आधी ठरलेले असेल तर वाद थोडक्यात मिटतो.

याच काळातील गोपाळ गणेश आगरकरांची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सुधारणांच्या प्रतिपादनापायी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढणारे लोक पुण्यात निघाले होते. 1895 साली ते वारले तेव्हा आपल्या दहनाच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवलेले आढळले, असे सांगतात. कोणावर भार पडू नये, एवढीच त्या मानी पुरुषाची योजना होती. विनायक दामोदर सावरकरांनी मृत्युपत्रात अधिक तपशील लिहिला होता. आपला देह विद्युत्‌दाहिनीत न्यावा, खांद्यावरून नेऊ नये, कोणी हरताळ पाळू नये, पिंडदान वा काकस्पर्श यांसारखे विधी करू नयेत. फेब्रुवारी 1966 मध्ये त्यांचे निधन झाले आणि मुंबईत चंदनवाडीच्या विद्युत्‌दाहिनीत त्यांच्या देहाचे दहन झाले. याहून निराळे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. संभाजीनगरात 1950 साली ज्यांच्या संस्थेने महाविद्यालय काढले, त्या बाबासाहेबांचे 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीस महानिर्वाण झाले. त्याच महिन्यात मुंबईत धर्मदीक्षेचा मोठा समारंभ करण्याचा त्यांचा मानस होता. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून तेथेच अफाट जनसमुदायाने दीक्षा घेतली. अपुरे राहिलेले कार्य अंत्यविधीच्याच ठिकाणी पुढे चालू झाले. अंत्यविधी मृताच्या जीवनाशी जुळविणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोण सांगू शकेल?

ही सारी थोर माणसांची उदाहरणे झाली. सामान्य घराने काय करावे?

आरंभ बोलण्यापासून करावा. हे बोलणे अशुभ आहे, असा आक्षेप येतो. वस्तुतः आपल्या परंपरेनेच ही गरज ओळखली आहे. दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही, तर मृताची काही वासना राहिली असे समजून नातलग एकेक आश्वासन मोठ्याने देऊ लागतात: धाकटीचे लग्न करू, आईला सांभाळू, शेत विकणार नाही. गेलेल्याच्या इच्छेचा शोध घेण्याचा तो एक आर्त प्रयत्न असतो. त्या आश्वासनांत अश्रद्धेला हसण्यासारखे काही नाही. तथापि जो प्रश्न दहाव्या दिवशी कावळ्याला विचारावा लागतो, तो काही वर्षे आधी माणसालाच विचारला असता, तर उत्तर खात्रीचे मिळाले असते. संधी साधून, आजारपण नसताना, दुसऱ्या कोणाच्या अंत्यविधीहून परतल्यावर, वा जुनी छायाचित्रे पाहताना हे बोलणे सहज निघते. वडीलधाऱ्यांनी स्वतः विषय काढला तर मुलांवरचे ओझे फार हलके होते.

बोलणे झाले, की एका कागदावर मोजक्या गोष्टी लिहाव्या. देहाचे काय करावे: दहन, दफन की दान? अग्नी वा मूठमाती कोणी द्यावी? विधी कोणत्या पद्धतीने व्हावेत, किंवा न व्हावेत? काय म्हटले जावे, काय वाचले जावे? अस्थींचे काय करावे? मागाहूनच्या दिवसांत पैसा कोठे खर्च करावा? आणि या सर्वांवर अंतिम शब्द कोणाचा? हा कागद कुलुपबंद पेटीत ठेवू नये; मृत्युपत्र पुष्कळदा तेराव्यानंतर उघडले जाते, आणि तोवर सर्व होऊन गेलेले असते. त्याच्या प्रती दोघा-तिघांजवळ असाव्या.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. देह ही मालमत्ता नव्हे. म्हणून मृत्युपत्रात लिहिलेली अंत्यविधीची इच्छा संपत्तीच्या वाटणीप्रमाणे न्यायालयातून बजावून घेता येईल, असा भरवसा धरू नये. ती मुख्यतः आप्तांच्या सद्‌बुद्धीवर अवलंबून असते. खर्चाच्या बाबतीत मात्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 याच्या कलम 320 ने, मृताच्या दर्जाला साजेसा वाजवी अंत्यविधीचा खर्च सर्व कर्जांच्या आधी त्याच्या मिळकतीतून द्यावा असे सांगितले आहे. 'वाजवी' हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मृत्यू घरी झाल्यास डॉक्टरांचा दाखला प्रथम घ्यावा. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 अन्वये 21 दिवसांच्या आत नोंद करावयाची असते. हे काम शोकाकुल पुत्रावर न टाकता एखाद्या जावयावर वा भाच्यावर आधीच सोपवावे.

आता विधीचा प्रश्न. ज्याची परंपरेवर श्रद्धा होती, त्याचे परंपरेनेच करावे. मुलांनी आपली सुधारकी मते त्याच्या देहावर सिद्ध करू नयेत. तसेच ज्याने जन्मभर कर्मकांड मानले नाही, त्याला मेल्यावर पिंडांत बसवू नये. मधला मार्गही आहे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने संस्कारांच्या पोथ्या मराठी अर्थासह सिद्ध केल्या आहेत आणि स्त्रियांनाही पौरोहित्याचे शिक्षण दिले आहे. मंत्राचा अर्थ कळला, की उपस्थितांचे मन विधीत गुंतते. कन्येने अग्नी देऊ नये असा कोणताही कायदा नाही. जिने अंथरुणाशी बसून बापाची सेवा केली, तिला केवळ मुलगी म्हणून मागे ठेवावे आणि दूरच्या पुतण्याला बोलावून आणावे, हे न्यायाचे नव्हे.

इतर समाजांच्या रीतींतूनही शिकण्यासारखे आहे. मुसलमानांत श्रीमंत-गरीब सर्वांना बिनशिवलेले साधे कफन आणि शक्य तितके लवकर दफन असते. मृत्यूपुढे कोणी मोठा नाही, ही शिकवण त्यातच आहे. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते, आणि पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवशी मृताचे सद्‌गुण बोलून दाखवितात. वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळमृदंगाच्या गजरात भजन करीत निघते. त्या घोषात रडण्यालाही आधार मिळतो. म्हणजे प्रत्येक परंपरेत आपलेपणाला जागा आहे. ती वापरावयाची एवढेच.

आपलेपणा आणण्यास खर्च लागत नाही. शिक्षक गेला असेल, तर त्याच्या जुन्या विद्यार्थ्याने दोन मिनिटे बोलावे. गृहिणीच्या चितेशी तिच्या अंगणातील तुळस असावी, दुकानातील हार नसला तरी चालेल. ज्याला संगीताची आवड होती, त्याच्यासाठी एका नातवाने एकच भजन शांतपणे म्हणावे. ध्वनिक्षेपक आणू नये. स्मशानातील भाषणे मात्र आवरती असावी. पुढाऱ्यांची रांग लागली, की मृत मागे पडतो आणि वक्ते पुढे येतात. चार शब्द एकाने बोलावे, मग स्तब्धता. सविस्तर आठवणींसाठी दहावा-तेरावा आहेच. त्या दिवशी जेवणावळी घालण्याऐवजी मृताच्या हातची पत्रे, त्याचे आवडते पुस्तक, त्याने केलेली एखादी वस्तू मांडून घरच्यांनी एकत्र बसावे. त्या बैठकीत मुलांनाही घ्यावे. मुलांना दूर ठेवल्याने त्यांचे दुःख कमी होत नाही; ते केवळ मुके होते.

दहनासाठी साधारणपणे 300 ते 400 किलो लाकूड लागते. ज्याला झाडांचा लळा होता त्याने विद्युत् अथवा वायुदाहिनीची इच्छा आधी सांगितली, तर घरच्यांना संकोच राहत नाही. अस्थींचा काही भाग गोदावरीत सोडून उरलेली रक्षा शेतात वा एखाद्या रोपाच्या मुळाशी घालणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. त्या झाडाखाली पुढे नातवंडे खेळतात.

देहदानाविषयी दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे, कारण तेथे घाईने चुका होतात. 1949 सालच्या शरीरशास्त्र अधिनियमाने आपल्या राज्यात वैद्यकीय शिक्षणासाठी देह मिळण्याची व्यवस्था झाली. संभाजीनगरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 पासून आहे. अशा महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात हयातीत अर्ज भरून ठेवता येतो. तथापि अर्ज भरला, तरी अखेर देह नेऊन द्यावयाचा असतो नातलगांनी. त्यांची मने आधी वळली नसतील तर अर्ज व्यर्थ ठरतो. अपघात वा संशयास्पद मृत्यूमुळे शवविच्छेदन झाले असेल, विशिष्ट संसर्गजन्य रोग असेल, किंवा फार वेळ गेला असेल, तर देह स्वीकारला जात नाही. म्हणून दुसरी योजनाही कागदावर लिहून ठेवावी. नेत्रदान त्याहून सोपे आहे: सुमारे सहा तासांच्या आत ते व्हावे लागते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीस ताबडतोब कळवावे. देह अभ्यासाला गेला, तर घरी रिकामेपणा वाटतो. तेव्हा देह सोपविण्यापूर्वी घरातच निरोपाचा छोटा विधी अवश्य करावा.

शेवटी एक मर्यादाही सांगितली पाहिजे. मृताची इच्छा आदरणीय आहे, पण ती मागे राहिलेल्यांना छळणारी नसावी. 'माझ्यासाठी काहीच करू नका' असे पुष्कळजण विनयाने लिहून जातात. त्यांच्या मनात खर्चाचा आणि त्रासाचा विचार असतो. परंतु आईला कोठेतरी डोके टेकून रडावयास जागा हवी असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने एक ओळ अधिक लिहावी: 'माझी इच्छा ही आहे, ती अशक्य झाली, तर तुम्हाला जे सोपे वाटेल ते करा, त्यात मला समाधान आहे.' ही एक ओळ लेकरांना आयुष्यभराच्या अपराधी भावनेतून सोडविते. जाणाऱ्याने आपले मन उघड करावे आणि राहणाऱ्यांना मोकळीक द्यावी. राहणाऱ्यांनी ते मन जपावे आणि आपसांत भांडू नये. एवढे झाले, म्हणजे बांबू-सुतळीच्या त्याच जुन्या साहित्यातूनही एका विशिष्ट माणसाला दिलेला निरोप साकार होतो, आणि घाटावरून परतणाऱ्यांची पावले थोडी हलकी पडतात.